युटामधला पहिला बर्फ : जॅकेट घ्यायच्या आधी हे वाच

अरे थांब, महागडं जॅकेट ऑर्डर करू नकोस अजून. युनिव्हर्सिटी ऑफ युटाला आलायस ना, मग कॅम्पसवरच आउटडोअर ॲडव्हेंचर्सवाले आहेत, त्यांच्याकडे सामान भाड्याने मिळतं आणि ट्रिपाही निघतात. पहिला सीझन भाड्यावरच काढ. आणि सुरुवात स्नोशूने (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायची रुंद चौकट) कर, स्कीइंग नंतर. चालता येतं ना, मग स्नोशू जमतंच.

नवीन लोक (आपले तर हमखास) जीन्स घालून येतात. कॉटन एकदा भिजलं की वाळत नाही आणि मग अंगातली सगळी ऊब खेचून घेतं, त्यामुळे आत सिंथेटिक किंवा लोकरीचं थर्मल, वर फ्लीसचा मऊ उबदार थर, त्यावर वारा-पाणी अडवणारं जॅकेट, बास. निघताना जरा थंडी वाजलीच पाहिजे, नाहीतर दहा मिनिटांत घामाघूम होशील आणि थांबलास की कुडकुडशील. दोन मोजे कोंबू नकोस, बूट घट्ट झाला की रक्त फिरत नाही, पाय उलट जास्त गारठतात.

मोबाईल आतल्या खिशात, थंडीत बॅटरी पटकन बसते. सनस्क्रीन, गॉगल ढग असले तरी हवाच.

एका बाबतीत मात्र हयगय नको. ॲव्हलांच म्हणजे डोंगरावरून बर्फाचा थर कोसळणं; युटा ॲव्हलांच सेंटरचा त्याबद्दलचा त्या दिवसाचा अंदाज बघितल्याशिवाय डोंगरात जायचं नाही. साधारण ३० ते ४५ अंशांचे उतार सगळ्यात धोक्याचे, त्यांच्या खालून जाणंसुद्धा टाळ. बीकन, प्रोब वगैरे (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायची साधनं) पुढच्या वर्षी बोलू, आत्ता ग्रुप ट्रिपला नाव दे.