परासरण, परिवहन आणि हमालाचा 'ने'

म्हापशाहून एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: 'मुळं परासरणाने क्षार शोषतात' हे वाक्य चालेल का?

नाही. वर्गावर्गांत ऐकू येतं म्हणून ते बरोबर ठरत नाही. परासरण पाण्याचं: अर्धपार्य (म्हणजे पाणी जाऊ देणाऱ्या, क्षार अडवणाऱ्या) पटलातून, विरळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे, पेशीने एटीपीची, म्हणजे तिच्या ऊर्जेच्या चलनाची, दमडीही न मोडता. क्षारांचं उलट. मातीतल्या पाण्यात ते बहुधा विरळ, मुळाच्या पेशीत दाट. तरी आत घ्यायचे, म्हणजे चढावर नेणं आलं. पाणी तुंबलेल्या मातीत मुळांना ऑक्सिजन कमी पडला की एटीपी आटतो आणि भोवती क्षार असूनही पिकाची पानं पिवळी पडतात. 'सक्रिय परासरण' म्हणणारेही भेटतात. तो तर 'चढता उतार' झाला.

ऊर्जा खर्चून चढावर नेण्याला परिभाषाकार 'सक्रिय परिवहन' हा शब्द पुढे करतात. कशाला? 'परि' म्हणजे सभोवती. पेशीच्या पटलातला प्रथिनाचा पंप आयनाला (क्षाराच्या विद्युतभारित कणाला) या बाजूचा त्या बाजूला करतो, प्रदक्षिणा घालत नाही. शिवाय गोव्यात परिवहन म्हटलं की कदंबची बस आठवते. 'वहन' पुरे.

खरी मौज 'वह्' धातूत आहे. त्याच्या एकाच 'वाहणे'त दोन क्रियापदं नांदतात. पाणी वाहतं, त्याला कोणी नेत नाही. हमाल पोतं वाहतो, त्याला भाकरी लागते. भूतकाळात भेद उघडा पडतो: 'नदी वाहिली', पण 'हमालाने पोतं वाहिलं'. माझ्या मते हा 'ने' म्हणजेच एटीपी! खाजनातली (गोव्यातल्या खाडीकाठच्या बांधबंदिस्त शेतातली) मानस, म्हणजे बांधातली पाण्याची झडप, पहिल्या वाहण्यातली: भरतीच्या रेट्याने दारं मिटतात, ओहोटीला उघडतात, कुणी राबत नाही. प्राण्यांच्या पेशीतला सोडियम-पोटॅशियम पंप दुसऱ्या वाहण्यातला: एका एटीपीमागे ३ सोडियम आयन बाहेर, २ पोटॅशियम आत. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कौ यांनी त्याचं विकर (एन्झाइम) १९५७ मध्ये दाखवलं, नोबेल मिळालं १९९७ मध्ये. तिवराच्या पानावर चमकणारं मीठही असंच ग्रंथींनी वाहून बाहेर टाकलेलं.

मात्र 'वहन' असं नाम केलं की 'ने' गळतो, म्हणून 'सक्रिय' हवंच. 'उपसा' हा शब्द मला अधिक आवडला असता, पण उपसा बाहेर काढतो. मुळं तर आत भरतात.

हां, ते वाक्य: 'मुळं पाणी परासरणाने घेतात, क्षार मुख्यतः सक्रिय वहनाने.'