लस नाही, तरी एचआयव्हीचा प्रसार कमी कसा झाला?

तुम्ही विचारलंय की एचआयव्हीवर लस नाही, तो मुळापासून बरा करणारं औषधही नाही, मग नव्या लागणी कमी कशा झाल्या? कमी झाल्यात हे खरंच आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यात जगभर वर्षाला तीस लाखांहून जास्त लोकांना नव्याने लागण व्हायची, २०२३मध्ये ती संख्या १३ लाखांच्या आसपास होती.

माझ्या मते मोठं श्रेय एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या औषधांच्या, गोळ्यांना. हा विषाणू आपली जनुकं पेशीच्या डीएनएमध्येच बसवून टाकतो, त्यामुळे त्याला हुसकून लावता येत नाही. पण गोळ्या त्याच्या नव्या प्रती बनू देत नाहीत. त्या नेमाने घेतल्या की साधारण सहा महिन्यांत व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, इतका उतरतो की चाचणीत सापडतच नाही, आणि तो तसाच राहिला तर त्या माणसाकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही. अजिबात नाही. हे अजून कितीतरी शिकलेल्या लोकांनाही ठाऊक नसतं! म्हणूनच २०१५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, सीडी४ (हा विषाणू ज्यांना मारतो त्या रोगप्रतिकारक पेशींची संख्या) घसरायची वाट बघू नका, निदान झालं की उपचार सुरू करा. गरोदरपणात उपचार मिळाले तर बाळाला लागण होण्याचा धोकाही ५ टक्क्यांच्या खाली येतो. एरवी तो १५ ते ४५ टक्के असतो.

परिणामकारक औषधं १९९६पासून होती, पण खर्च वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात. २००१मध्ये सिप्ला या भारतीय औषध कंपनीने तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला, तेव्हा कुठे गरीब देशांत उपचारांची भाषा सुरू झाली.

गोळ्यांच्या आधीचं उदाहरण थायलंडचं. १९९१मध्ये तिथे वेश्यागृहांत कंडोम सक्तीचा केला आणि जबाबदारी मालकावर टाकली. नियम सगळीकडे एकच, त्यामुळे कंडोम नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला दुसरीकडे जायची सोय राहिली नाही. नीतीच्या व्याख्यानांनी असं काही साधल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

मग साथ संपत का नाही? लागणीनंतरचे पहिले काही आठवडे विषाणू रक्तात प्रचंड असतो, पण अँटिबॉडी चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. माणूस निर्धास्त असतो. म्हणून शंका असेल तर तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करा. आणि धोक्याचा संबंध येऊन ७२ तास उलटले नसतील तर उत्तरं वाचत बसू नका, डॉक्टरांकडे जाऊन पीईपीबद्दल, म्हणजे संबंधानंतर लागण टाळण्यासाठी घ्यायच्या औषधांबद्दल, विचारा. तो २८ दिवसांचा कोर्स असतो, आणि जितका लवकर सुरू कराल तितका उपयोग जास्त.