बुलेटला कॅम टाकायच्या आधी

भाऊ, बुलेटचा कॅम, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह (झडपा) उघडणारा भाग, बदलतो म्हणतोस, पण गाडी चालवतोस कुठं? परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट, मागं सरकीचं पोतं. तिथं खालच्या आरपीएमचा, म्हणजे इंजिन हळू फिरतानाचा, टॉर्क (ओढ) लागते. जास्त ड्युरेशनचा कॅम व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवते. ताकद वरच्या आरपीएमला सरकते, खालून गाडी मरगळते, आयडलिंगही (गाडी उभी असताना इंजिनचं चालणं) बिघडते. म्हणून लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडते ते) थोडी जास्त अन् ड्युरेशन कंपनीच्या जवळपास, असाच कॅम पाहा.

लिफ्ट वाढली की व्हॉल्व्हचा स्प्रिंग पूर्ण दबून वेढ्याला वेढा भिडत नाही ना, हे तपासावंच लागते. व्हॉल्व्ह पिस्टनला भिडत नाही ना, तेही पाहा: पिस्टनवर पोरांच्या खेळातली क्ले ठेव, हेड बसव, इंजिन हातानं हळूहळू फिरव, मग दबलेली जाडी मोज. मिस्त्री ‘काही होत नाही’ म्हणाला तर दुसरा मिस्त्री गाठ.

नंतर कार्ब्युरेटरचं जेटिंग, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं माप जुळवणं. मिश्रण पातळ राहिलं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडलं, तर मे महिन्याच्या 45 अंशांत एअर-कूल्ड इंजिन तापून पिस्टन धरते (जाम होते). कॉम्प्रेशन वाढवायच्या भानगडीत तर पडूच नको, त्याला जास्त ऑक्टेनचं पेट्रोल लागते; गावच्या पंपावरचंच पेट्रोल भरायचं आहे न तुला?

खरं सांगू, पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एक दात लहान लावून पाहा आधी. टॉप स्पीड थोडा जाईल, पण घाटातला फरक लगेच कळते.