‘ओओपी डोक्यात शिरत नाही’ : मेसच्या बिलापासून सुरुवात

‘सर, ओओपीच्या सगळ्या व्याख्या पाठ आहेत. पण कोरी फाइल उघडली की काय लिहायचं ते सुचत नाही. कॉमर्सचा आहे म्हणून असेल का?’

आमच्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या मुलामुलींकडून ही काळजी वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येते. ओओपी म्हणजे ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग : माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधून कोड लिहिण्याची पद्धत. त्या बांधणीचा आराखडा म्हणजे क्लास, आणि त्यावरून बनतो तो ऑब्जेक्ट. हा मुलगा 24 वर्षांचा, मराठवाड्यातून पुण्यात आलेला. पीएचपी ही प्रोग्रामिंगची भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरून त्याने पेठेतल्या मावशीच्या मेससाठी एक साइट केली होती आणि ती रोज वापरात होती. नोकरीच्या मुलाखतीत मात्र ओओपीची चार तत्त्वं, एन्कॅप्सुलेशन, इन्हेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम, ॲबस्ट्रॅक्शन घडाघडा सांगून झाल्यावर ‘एक क्लास लिहून दाखव’ म्हटलं की हात थांबायचा. असं तीनदा झालं आणि त्याने स्वतःला ‘ढ’ ठरवून टाकलं.

त्याचं शिकणं ज्या क्रमाने झालं, तो क्रमच उलटा होता. व्हिडिओत प्राणी हा क्लास, कुत्रा त्याचा वारस, कुत्रा भुंकतो आणि मांजर म्याव करते. ऐकायला सोपं, पण वेबसाइट करणाऱ्याला कुत्रा कधी भुंकवावा लागत नाही. अडचण भोगायच्या आधी तिचं औषध पाठ केलं की ते कधी घ्यायचं ते कळत नाही.

म्हणून त्याला त्याचीच साइट उघडायला लावली. मेसचा दर महिन्याला 3,000 रुपये, म्हणजे 30 दिवसांच्या महिन्यात दिवसाला 100. खाड्याचा नियम मावशींनी मध्येच बदलला होता. पूर्वी प्रत्येक खाडा वजा व्हायचा, आता सलग 3 किंवा जास्त दिवसांचाच होतो. एका सभासदाचे महिन्यात 6 खाडे होते : एकदा सलग 3, एकदा सलग 2 आणि एक सुटा. त्याच्या पानावर बिल 2,700 दिसत होतं, मावशींच्या यादीतही 2,700, पण छापील पावतीवर 2,400. हिशोबाच्या त्याच ओळी तीन फाइलींत चिकटवल्या होत्या आणि नवा नियम दोनच फाइलींत पोचला होता. पावती हातात घेऊन तो सभासद मावशींशी भांडला होता.

हे भांडण म्हणजेच त्याच्यासाठी ओओपीचा पहिला धडा.

पहिल्या आठवड्यात क्लास हा शब्दच काढायचा नाही, असं ठरलं. रोज एक तास. एडिटरच्या सर्चमध्ये ‘खाडे’ घालायचं, बिलाचा हिशोब कुठे कुठे आहे ते वहीत लिहायचं, मग तो एका फंक्शनमध्ये आणून तिन्ही ठिकाणांहून तेच बोलवायचं. एवढ्याने पावती दुरुस्त झाली. मग क्लास हवाच कशाला? हा प्रश्न त्याने स्वतःहून विचारला आणि तो अगदी रास्त होता. फंक्शनला दर, खाडे, महिना असं सगळं दर वेळी हातात द्यावं लागतं. शिवाय खाड्यांचा अ‍ॅरे (म्हणजे यादी) कुणीही कुठूनही बदलू शकतं. एका पानावर तर एकच तारीख दोनदा नोंदली जात होती.

दुसऱ्या आठवड्यात ‘मासिक हिशोब’ नावाचा क्लास झाला. आत दोनच प्रॉपर्टी (आतली माहिती), दर आणि खाडे, दोन्ही प्रायव्हेट, म्हणजे बाहेरून हात न लागणाऱ्या. दोन मेथड (क्लासमधली फंक्शनं) पब्लिक, म्हणजे बाहेरून बोलवता येणाऱ्या : खाडा नोंदवणारी आणि रक्कम सांगणारी. अ‍ॅरेची किल्ली म्हणून तारीखच वापरल्यामुळे तीच तारीख दुसऱ्यांदा आली तरी नोंद एकच राहते. कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या मेथडमध्ये) दर शून्याहून कमी आला तर तिथेच एक्सेप्शन, म्हणजे चूक दाखवून काम थांबतं. प्रायव्हेट म्हणजे काहीतरी लपवाछपवी, असं तो समजत होता. चुकीची नोंद आत येण्याची वाट बंद झालेली पाहिल्यावर त्याला एन्कॅप्सुलेशनची व्याख्या आठवावी लागली नाही.

अडला तो यानंतर, आणि या जागा जवळजवळ सगळ्यांच्या त्याच असतात.

रक्कम सांगणाऱ्या मेथडमध्ये त्याने इको (थेट पानावर छापणारी आज्ञा) घालून टेबलचे टॅग छापले. सभासदाच्या पानावर छान दिसलं, पण यादीत बेरीज करायला गेला तर हातात आकडा नाही. मेथडने किंमत रिटर्न करावी, ती दाखवायचं काम टेम्प्लेटचं, म्हणजे पान मांडणाऱ्या फाइलीचं. मग कन्स्ट्रक्टरच्या आतच त्याने डेटाबेसची जोडणी उघडली, म्हणजे नुसता 2,700 येतो का ते तपासायलाही मायएसक्यूएल चालू हवं. खाडे बाहेर वाचायचे आणि तयार यादी क्लासला द्यायची, एवढा बदल केला आणि तपासणी 5 ओळींची झाली.

सलग दिवस मोजताना एक वेगळीच गंमत झाली. तारीख डेटटाइम या पीएचपीच्या तयार क्लासमध्ये होती. ती दुसऱ्या व्हेरिएबलला दिली, मॉडिफायने एक दिवस पुढे नेली, आणि 5 तारखेचा मूळ खाडाही 6 चा झाला. इथे दोन तास गेले, पण ते सत्कारणी लागले. पीएचपीत ऑब्जेक्ट दुसऱ्या व्हेरिएबलला दिला तर प्रत निघत नाही, दोन्ही नावं एकाच ऑब्जेक्टकडे बोट दाखवतात. तारखांसाठी डेटटाइमइम्यूटेबल (न बदलणारी तारीख) वापरावं आणि मॉडिफायने परत दिलेली नवी तारीख व्हेरिएबलमध्ये धरून ठेवावी. ती धरली नाही तर काहीच बदलत नाही आणि एररही येत नाही.

‘पहिल्या पानावर केलेला ऑब्जेक्ट दुसऱ्या पानावर सापडत नाही’ ही तक्रार खास वेबवाल्यांची. नेहमीच्या पीएचपी साइटवर ब्राउझरची एक विनंती पूर्ण झाली की त्या विनंतीत बनलेले ऑब्जेक्टही संपतात. पुढच्या पानाला टिकवायची ती माहिती, तीही डेटाबेसमध्ये किंवा सेशनमध्ये (त्या वापरकर्त्यापुरत्या तात्पुरत्या साठ्यात). ऑब्जेक्ट प्रत्येक विनंतीत नव्याने उभा करायचा. हे कुणी सांगितलेलं नसलं की मुलं उगाच ग्लोबल व्हेरिएबलांच्या मागे लागतात.

इन्हेरिटन्स, म्हणजे एका क्लासने दुसऱ्याकडून वारसा घेणं, आम्ही मुद्दाम शेवटी ठेवलं. त्याने उत्साहाने विद्यार्थी सभासद, नोकरदार सभासद, एकवेळ सभासद असे क्लास काढले. मग एकवेळ जेवणारा विद्यार्थी आला. पीएचपीत क्लासला पालक एकच असतो, त्यामुळे याला कुणाच्या घरात घालायचं? आमचं मत स्पष्ट आहे : नवशिक्याने पहिले दोन महिने एक्स्टेंड्स (वारसा घेण्याचा शब्द) लिहूच नये. सभासद एकच ठेवावा आणि त्याच्या हाती दराचा नियम द्यावा. ‘दरनियम’ हा इंटरफेस, म्हणजे कोणत्या मेथड असायलाच हव्यात याचा करार, त्यात रक्कम काढणारी एकच मेथड. पूर्णवेळ, एकवेळ, सवलत हे तो पाळणारे छोटे क्लास. बिलाच्या कोडला समोर कोणता नियम आहे हे विचारावंच लागत नाही. पॉलिमॉर्फिझम ते हेच, भुंकणाऱ्या कुत्र्याविना.

कॉमर्सचं म्हणाल, तर खाडे, सवलत, थकबाकी यांचे नियम नीट वेगळे करण्यात त्याचा हात आधीपासूनच चांगला होता. आणि ओओपीशिवाय चालणारी साइट लिहिणं हा काही कमीपणा नाही. पीएचपीत ऑब्जेक्टची भक्कम सोय आली ती 2004 साली, पाचव्या आवृत्तीत. त्याआधीपासून साइट चालतच होत्या, आणि वर्डप्रेस या साइट बनवायच्या साधनामध्ये आजही साध्या फंक्शनांचं कोड भरपूर आहे.

सहाव्या आठवड्यात कंपोझर या पीएचपीच्या साधनाचं ऑटोलोड (लागेल तो क्लास त्याच्या फाइलीतून आपोआप आणणं) लावून त्याने प्रत्येक क्लास वेगळ्या फाइलीत नेला. फाइलचं नाव आणि क्लासचं नाव अक्षरन्‌अक्षर जुळायला हवं. त्याच्या विंडोजवर इंग्रजी लहानमोठ्या अक्षरांचा फरक खपून गेला आणि लिनक्स सर्व्हरवर ‘क्लास नॉट फाउंड’ आलं. मग लारावेल या पीएचपीच्या फ्रेमवर्कचा (साइटच्या तयार सांगाड्याचा) एक कंट्रोलर, म्हणजे विनंती हाताळणारा क्लास, उघडून पाहिला. कन्स्ट्रक्टरमध्ये नुसता प्रकार लिहिलाय आणि ऑब्जेक्ट आपोआप मिळतोय. ‘आपण बाहेरून खाडे देत होतो, तसंच हे, फक्त देणारा फ्रेमवर्क आहे,’ हे तो आपणहून म्हणाला.

‘कॉल टू अ मेंबर फंक्शन’ने सुरू होऊन ‘ऑन नल’वर संपणारी एरर, म्हणजे ऑब्जेक्टच्या जागी काहीच नसताना त्याची मेथड बोलवल्याची, त्याला अजून येते. आता ती आली की तो आधी क्वेरीतून ओळ मिळाली होती का, ते बघतो. पुढच्या मुलाखतीला मेसचा तो क्लास छापून न्यायचं ठरलंय, आधीच्या तीन फाइलींसकट.