सहावीतल्या मुलाला खिळवून ठेवतील अशा रहस्यमय कादंबऱ्या कोणत्या द्याव्यात?

तुम्ही लिहिलंय की मुलगा सहावीत आहे, सेमी-इंग्रजीला आहे, पुस्तक हातात दिलं की दहाव्या पानावर टाकतो. मोबाइलवर चोर-पोलिसांचं काही लागलं तर मात्र शेवट बघितल्याशिवाय उठत नाही. त्याला धरून ठेवतील अशा कादंबऱ्या हव्यात, पण रात्री दचकून उठेल अशा नकोत. ही दुसरी अट तुम्ही घातलीत हे फार बरं केलंत. ती का, ते पुढे सांगते.

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत २२ वर्षं मराठी शिकवतेय. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड किंवा उर्दू. मराठी ही त्यांची शाळेची भाषा. ‘वाचन चांगलं असतं’ असं सांगून यातलं एकही मूल वाचायला लागलेलं मी पाहिलं नाही. पण पुढे काय झालं ते कळल्याशिवाय चैन पडेना, अशी वेळ आली की हीच मुलं अडलेल्या शब्दांवरून उड्या मारत पानं उलटतात. शब्द मागाहून कळत जातात. तुमचा मुलगा चोर पकडेपर्यंत उठत नाही ना, मग त्याला वाचक करायला लागणारी निम्मी सामग्री त्याच्याकडे आहेच.

पुस्तक निवडताना मी एकच गोष्ट बघते. गोष्टीत जे हरवलं किंवा चोरीला गेलं, त्याची किंमत या मुलाला कळते का? हिऱ्याच्या हाराची चोरी अकरा वर्षांच्या मुलाला लांबची वाटते. आईने दिलेले पैसे हरवले की त्याच्या पोटात खड्डा पडतो.

हे मला शिकवलं ते एरिश केस्टनर या जर्मन लेखकाच्या ‘एमिल अँड द डिटेक्टिव्ह्ज’ या १९२९ सालच्या कादंबरीने. एमिल लहान गावातला मुलगा. वडील नाहीत, आई घरीच बायकांचे केस धुऊन-विंचरून देते आणि त्यावर घर चालतं. तो एकटाच रेल्वेने बर्लिनला आजीकडे निघतो. आईने साठवलेले १४० मार्क त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात आहेत. भीतीने तो ते टाचणीने अस्तराला टोचून ठेवतो. डब्यात त्याला झोप लागते, जाग येते तेव्हा पैसे गेलेले असतात. पोलिसांकडे तो जाऊ शकत नाही, कारण गावातल्या पुतळ्याचं नाक रंगवल्याचा गुन्हा त्याच्या मनात घर करून बसलाय. मग अनोळखी शहरातली अनोळखी मुलं त्याच्या मदतीला येतात आणि सगळी मिळून त्या माणसाचा पिच्छा पुरवतात. इथून पुढे सांगत नाही.

ही गोष्ट मी दरवर्षी सहावीला मराठीत सांगते, रोज पंधरा मिनिटं. पहिल्या वर्षी टाचणीचा प्रसंग सांगत होते तेव्हा एक मुलगी एकदम म्हणाली, “बाई, माझी अम्मा पण पदरात गाठ मारून ठिवते पैशे.” तिची आई विड्या वळायची. दिवसभर पानं कापायची, वळायची, दोरा बांधायचा, कारखान्यात नेऊन द्यायच्या, तेव्हा कुठे मजुरी हातात. त्या मुलीला १४० मार्क म्हणजे किती, हे मला समजावून सांगावं लागलं नाही. ती रोज घरी जाऊन आदल्या दिवसाचा भाग आईला तेलुगूत सांगायची आणि आई विड्या वळता वळता ऐकायची. एक दिवस ती आजारी पडली, तर आईने शेजारच्या मुलाला विचारायला पाठवलं की चोर सापडला का. त्या दिवसापासून मी या पुस्तकाला फार मानते.

त्या टोळीत एक बारका मुलगा आहे. त्याचं काम एवढंच की घरी टेलिफोनजवळ बसून राहायचं आणि निरोप घ्यायचे. बाकीचे चोरामागे पळत असताना हा खुर्ची सोडत नाही. वर्गात ‘तुम्हाला कोण व्हायला आवडेल’ असं विचारलं की सगळ्यांना एमिल व्हायचं असतं. पण दरवर्षी एखादं शांत मूल हळूच ‘तो फोनवाला’ म्हणतं. अशी मुलं मी लक्षात ठेवते. हे पुस्तक इंग्रजी अनुवादात मिळतं आणि भाषा सोपी आहे. सेमीच्या मुलाला सुरुवातीला तुमची थोडी मदत लागेल, पण जमेल.

मराठीत मात्र पहिलं पुस्तक फास्टर फेणेचंच द्या. भा. रा. भागवतांचा (१९१०–२००१) हा बनेश फेणे काटकुळा, चपळ, सायकलवर स्वार, पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा आणि मूळचा फुरसुंगीचा. तुमच्या मुलाला नकाशात फुरसुंगी दाखवा. सोलापूरहून पुण्याला जाताना हडपसरजवळच हे गाव आहे. आपण ज्या रस्त्याने जातो त्या रस्त्यावरचा हा मुलगा आहे, एवढं कळलं की पुस्तक जवळचं होतं. वीसच्या आसपास पुस्तकं आहेत, त्यामुळे एक आवडलं की पुढची सोय झालेली. मी ‘फुरसुंगीचा फास्टर फेणे’पासून सुरुवात करायला सांगते, मग ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ किंवा ‘चक्रीवादळात फास्टर फेणे’. काही ठिकाणी काळ जुना जाणवतो, मोबाइल नाही, तारा आणि टेलिफोन आहेत. मुलांचं त्याने काही अडत नाही. उलट, निरोप पोचायला वेळ लागतो म्हणून धाकधूक वाढते, हे माझ्याच एका विद्यार्थ्याने मला सांगितलं.

भागवतांची भाषा हा या पुस्तकांचा खरा ऐवज आहे. वाक्यं धावतात, माणसं ठसक्यात बोलतात, आणि संकट आलं की फेणेच्या तोंडून ‘ट्टॉक्’ निघतं. मोठ्याने वाचा, म्हणजे कळेल. त्यांचाच बिपिन बुकलवारही आहे, पुस्तकांचा किडा असलेला मुलगा. ज्याला मैदानापेक्षा कोपरा आवडतो अशा मुलाला मी तो आधी देते.

दुसरा टप्पा फेलूदाचा. सत्यजित राय यांनी हा बंगाली गुप्तहेर १९६५ साली ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात आणला. अशोक जैन यांनी त्या गोष्टी मराठीत आणल्या, रोहन प्रकाशनाने त्या काढल्या आहेत, आणि तो अनुवाद इतका सरळ आहे की मूळ मराठीच वाटावा. गोष्ट सांगणारा तोपशे फेलूदाचा शाळकरी चुलतभाऊ. त्यामुळे वाचणाऱ्या मुलाला गुप्तहेराच्या शेजारची जागा मिळते, सगळं दिसतं, पण सगळं लगेच कळत नाही. रहस्यकथेत याहून चांगली जागा नाही. जटायू नावाचे लेखक महाशय पुढच्या गोष्टींत येतात आणि हसवून ताण हलका करतात. तुमच्या ‘घाबरायला नको’ या अटीसाठी ते मोठे उपयोगी आहेत.

फेलूदातली पहिली कुठली? मी म्हणेन, वेरूळची. देवळातल्या मूर्ती तोडून परदेशात विकणाऱ्या टोळीचा माग काढत ही मंडळी कैलास लेण्यापर्यंत येतात. आपल्याकडच्या बहुतेक मुलांनी वेरूळ सहलीत पाहिलेलं असतं, निदान पाठ्यपुस्तकात तरी. आमच्या सहलीच्या आधी मी ही कादंबरी वर्गात फिरवली होती. एरवी लेण्यात शिरल्या शिरल्या ‘बाई, डबा कधी खायचा’ विचारणारी मुलं त्या दिवशी खांबांच्या मागे डोकावून बघत होती. एका मुलाने तर पहारेकऱ्याला विचारलं, “काका, रात्री इथं कोण असतंय ओ?” त्यानंतर ‘बादशहाची अंगठी’ द्या. ती लखनौमध्ये घडते आणि तिथली भूलभुलैया तिच्यात आहे. जैसलमेरच्या सोनेरी किल्ल्याची गोष्टही उत्तम, पण तिच्यात लहान मुलाला फसवून नेतात. तुमचा मुलगा हळवा असेल तर ती जरा उशिरा.

ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्याही भागवतांनीच मराठीत आणल्या आहेत. ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’ची सुरुवात एका जुन्या पुस्तकातून पडलेल्या सांकेतिक कागदाने होते. ती लिपी उलगडेपर्यंत थांबा आणि मुलाला म्हणा, आता तूच एक सांकेतिक चिठ्ठी लिही. आमच्या वर्गात हा खेळ आठवडाभर चालला. तेलुगू येणाऱ्या मुलांनी मराठी वाक्यं तेलुगू अक्षरांत लिहून मला कोड्यात टाकलं. मी खरोखर दोन दिवस अडकले होते आणि ती मुलं जी फुलली होती! ज्यांना निबंधात दहापैकी तीन मिळायचे तीच.

स्टीव्हन्सनची ‘ट्रेझर आयलंड’ (१८८३) मुलाला सातवीत द्या. ती आधी मुलांच्या साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने आली होती, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी जीव टांगणीला लागतो. सफरचंदांच्या पिंपात लपलेला मुलगा बाहेरचं बोलणं ऐकतो, त्या प्रकरणाच्या आधी चहाला उठू नका. मात्र संक्षिप्त मराठी आवृत्त्यांपैकी अगदी चाळीस-पन्नास पानांच्या असतात त्या टाळा. त्यांत घटना राहतात आणि धाकधूक गळून जाते. एनिड ब्लायटनची ‘फेमस फाइव्ह’ मालिका २१ पुस्तकांची आहे. गोष्टी एका साच्यातल्या वाटतात, पण इंग्रजीत पहिली अख्खी कादंबरी संपवल्याचं समाधान ती देते, आणि सेमीच्या मुलाला त्याची गरज असते. शेरलॉक होम्स आठवीपर्यंत थांबू दे. भालबा केळकरांचे मराठी अनुवाद आहेत, ते तेव्हा घ्या. नारळीकरांची ‘वामन परत न आला’सुद्धा त्याच वयाला, विज्ञानाची गोडी असेल तर.

आता भीतीबद्दल. काही वर्षांपूर्वी सहावीतल्या एका हुशार मुलाने सगळी फास्टर फेणे संपवली आणि ‘अजून जोरदार द्या’ म्हणाला. मी घरातला मोठ्यांसाठीचा भयकथांचा संग्रह दिला, न तपासता. तिसऱ्या दिवशी त्याची आजी शाळेत आली. पोरगं रात्री दिवा मालवू देत नव्हतं, मागच्या अंगणात एकटं जात नव्हतं. आजीने मला एक शब्द वाकडा बोलला नाही, फक्त पुस्तक पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. त्याहून वाईट म्हणजे, तो मुलगा पुढे वर्षभर कुठलंच पुस्तक घ्यायला आला नाही. मला ते आजही लागतं. तेव्हापासून नारायण धारप आणि रत्नाकर मतकरींच्या गूढकथा मी कितीही आवडत असल्या तरी नववीच्या आत देत नाही. मुलाला मागणी करता येते, पण झेपेल किती हे त्याला अजून माहीत नसतं. ते आपण बघायचं. साधी खूण सांगते: गोष्टीतलं संकट दिवसाउजेडी, विचार करून सुटणारं असेल तर द्या. जे कशानेच सुटत नाही आणि पुस्तक मिटल्यावरही खोलीत राहतं, ते थोडी वर्षं कपाटात राहू द्या.

पुस्तक देण्याची पद्धत पुस्तकाइतकीच महत्त्वाची आहे. नुसतं हातात देऊ नका. रात्री जेवणं झाल्यावर पहिली दोन प्रकरणं तुम्ही मोठ्याने वाचा. तिसरं सुरू करा, आणि दार वाजतं, दिवे जातात, पाठीमागे कुणीतरी उभं असतं, अशा जागी थांबा. “उद्या” म्हणा, पुस्तक तिथेच त्याच्या हाताला येईल असं ठेवा आणि भांडी आवरायला जा. पुढचं वाचू नकोस असं सांगू नका, वाच असंही सांगू नका. पहिल्या रात्री कदाचित काही होणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री खूण पुढे सरकलेली दिसेल. तेव्हाही काही बोलू नका. तो आपणहून तुम्हाला गोष्ट सांगायला लागेल, आणि चोर कोण हे तुम्हाला आधीच माहीत असलं तरी चेहऱ्यावर दिसू देऊ नका.

पुस्तकं एकदम दहा विकत घेऊ नका. आधी आपल्या सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयात बघा, तिथे न मिळालेली नवी पेठेतल्या दुकानांत शोधा. दरम्यान बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचायला ठेवले आहेत. कादंबरीला तयार नसलेल्या दिवसांत त्यातल्या छोट्या गोष्टी चालतात, आणि तो मोबाइल धरणारच असेल तर त्यावर हे अंक उघडून द्या. आता जानेवारीत गड्डा, म्हणजे आपली सिद्धेश्वराची जत्रा, आला की होम मैदानावरून तो पाळण्यात बसून, दमून येईल. त्या आठवड्यात वाचनाचा आग्रह धरू नका. संक्रांत झाली की ‘फुरसुंगीचा फास्टर फेणे’ काढा.