अमेरिकेत मतदानाला ओळखपत्र मागण्यावरून एवढं भांडण का? आपण तर निमूट दाखवतो!

निमूट दाखवतो हे खरं, पण ते बघणारा माणूस मीच असल्यामुळे जरा सविस्तर सांगतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. इलेक्शन ड्यूटीवर बहुतेक वेळा मतदान अधिकारी क्रमांक १ असतो. म्हणजे खोलीत शिरताच पहिल्या टेबलाशी यादी घेऊन बसलेला आणि अनुक्रमांक, नाव मोठ्यानं पुकारणारा.

आपल्याकडे कार्डाची सक्ती आहे असं म्हणणं अर्धंच खरं. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त शेषनसाहेब, त्यांनी १९९३ साली फोटोच्या कार्डाचा आग्रह धरला आणि ते घरोघर पोचलं. पण ते नसलं तरी आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड, पेन्शनचे कागद असं डझनभर काय काय चालतं. यातलं एकही नाही असा माणूस आमच्या भागात शोधूनच काढावा लागेल. (नुसती व्होटर स्लिप मात्र २०१९ पासून ओळख म्हणून चालत नाही. तरी दर वेळी आठ-दहा जण तेवढीच चिठ्ठी मुठीत धरून येतात आणि मग घरी पळतात.) शिवाय माझ्यासमोरच्या यादीत मतदाराचा फोटो छापलेला असतो. एजंटाला वाटलं की हा माणूस तो नव्हेच, तर २ रुपये भरून आक्षेप घ्यायचा. केंद्राध्यक्ष जागच्या जागी चौकशी करून निकाल देतात.

अमेरिकेत मुळात सगळ्या देशाला एक असं ओळखपत्रच नाही. तिथं लायसन्स हीच ओळख. ज्याच्याकडे गाडी नाही, म्हणजे म्हातारी माणसं, गरीब, शहरात बसनं फिरणारे, त्यांच्याकडे ते नसण्याची शक्यता जास्त. राज्यानं कार्ड फुकट देऊ केलं तरी त्यासाठी जन्मदाखला वगैरे कागद आणा, कचेरी गाठा, हे आलंच. प्रत्येक राज्याचे नियमही वेगळे.

इंडियाना राज्यानं २००५ साली फोटो ओळखपत्राचा कडक कायदा केला. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो ६ विरुद्ध ३ मतांनी उचलून धरला. गंमत म्हणजे, त्या राज्यात केंद्रावर कुणी तोतया सापडल्याचा एकही पुरावा समोर नाही, हे त्याच निकालात लिहिलेलं आहे. काही दिवसांतच, मे महिन्यात, साउथ बेंड शहरात डझनभर वृद्ध नन मतदानाला गेल्या. वय ऐंशी-नव्वदच्या घरात, काहींकडे मुदत संपलेले पासपोर्ट. टेबलाशी बसलेली बाईसुद्धा ननच, त्यांच्याच मठातली. एकेकीला नावानिशी ओळखत होती, तरी तिला त्यांना परत पाठवावं लागलं. त्या खुर्चीत मी बसलो असतो तर, असं ते वाचल्यापासून डोक्यात येत राहतं.

टेक्सासनं २०११ च्या कायद्यात बंदुकीचा परवाना ओळख म्हणून धरला, विद्यापीठाचं ओळखपत्र धरलं नाही. तिथल्या भांडणाचं मूळ मला यात दिसतं. कुठला कागद चालणार हे ठरवताना कुणाच्या खिशात काय असतं हे ठरवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. ब्रिटननंही २०२३ पासून हा नियम आणला, तर म्हाताऱ्यांचा बसपास चालतो, तरुणांचा नाही. आणि ज्यांच्या सरकारनं तो कायदा केला ते बोरिस जॉन्सन २०२४ मध्ये स्वतःच ओळखपत्र विसरून गेले!

पण विरोधक म्हणतात तेवढा अनर्थही झालेला दिसत नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अमेरिकेतल्या या कायद्यांनी मतदान फारसं घटलेलं आढळलं नाही. फसवणूक कमी झाल्याचंही आढळलं नाही.

माझ्या मते कार्ड मागण्यात गैर काही नाही, फक्त ते मिळवून द्यायची जबाबदारी सरकारनं घ्यावी. पण कार्डानं फक्त तोतया अडतो. खरा दरवाजा म्हणजे यादी. २०२५ मध्ये बिहारमध्ये याद्यांची विशेष फेरतपासणी झाली तेव्हा मागितलेल्या ११ कागदांत आधार नव्हतं आणि खुद्द मतदार कार्डही नव्हतं. प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावं नव्हती. आधारही घ्या, हे सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं. म्हणजे वाद आपल्याकडेही आहेच, फक्त तो माझ्या टेबलापर्यंत येत नाही, आधीच होऊन जातो.

कधी कधी येतोही. २०२४ च्या विधानसभेला एक आजी आल्या. हातात एमटीनं सुरू होणाऱ्या नंबरचं जुनं कार्ड, कडा पिवळ्या पडलेल्या, फोटोत केस काळेभोर. यादी वरून खाली तीनदा पाहिली, शेजारच्या केंद्रावर विचारून घेतलं, वगळलेल्यांची यादी चाळली. नाव कुठंच नाही. "अरं बाबा, कार्ड हाय की माझ्याकडं!" त्या म्हणाल्या. मी नाव नोंदवायच्या सहा नंबरच्या फॉर्मचं सांगितलं, तो पुढच्या वेळेसाठी. त्यांनी कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवी कनवटीला खोचली आणि सुनेचं मतदान होईपर्यंत व्हरांड्यात बसून राहिल्या.