फ्रेंच शब्द कुठे तोडायचा, जोर कुठे द्यायचा

'रेस्ते' (थांबणे) हे रे-स्ते की रेस-ते, आणि 'अँ पती काफे न्वार' (एक छोटी काळी कॉफी) यात जोर कुठे, असे दोन प्रश्न आहेत.

पहिल्याचं उत्तर रेस-ते. इथे फसवते ती देवनागरी. जोडाक्षर आपण अख्खं पुढच्या अक्षरात लिहितो, म्हणून तोडही तिथेच दिसते. लिपी बाजूला ठेवून व्यंजनं मोजा. दोन स्वरांमध्ये एकच असेल तर ते पुढे जातं: आ-नी-माल. दोन असतील तर मधून तोडा: पार-तीर. मात्र प, ब, त, द, क, ग, फ, व यांच्यामागून र किंवा ल आला तर जोडी फुटत नाही: पा-त्री (मायदेश), ता-ब्लो (चित्र). त्ल आणि द्ल तेवढे फुटतात: आत-लास.

पा-त्रीत मराठी जीभ उलटी चूक करते. 'पत्र' म्हणताना आपण त वर आघात देतो, छंदात प गुरू धरतो. त्याच सवयीने 'पात्-त्री' होतं. फ्रेंच पा मोकळा सोडा.

छापील ओळीच्या शेवटी दुहेरी व्यंजन मधून तोडतात, पण 'बालों'मध्ये (चेंडू) दोन एल लिहूनही उच्चार बा-लों एवढाच. त्यातला अनुस्वार नाकातला स्वर आहे, न किंवा म नव्हे.

मूक 'ई'चं, म्हणजे लिहिलेल्या पण सहसा न उच्चारलेल्या e या रोमन अक्षराचं, गणित आपल्याला सोपं जावं. 'करतो' आपण कर्-तो असंच म्हणतो ना! तसंच शनिवार साम-दी, लिहिताना म-नंतरच्या 'ई'मुळे तीन अवयव (उच्चाराचे तुकडे) असले तरी. पण 'ई' गाळून तीन व्यंजनं एकत्र येणार असतील तर ती राहते: वाँ-द्र-दी (शुक्रवार).

आता जोर. तो शब्दाचा नसून एका दमात म्हटलेल्या गटाचा असतो, गटाच्या शेवटच्या अवयवावर. 'अँ पती' (नवऱ्याशी संबंध नाही) एवढंच म्हटलं तर 'ती'वर, 'काफे' जोडलं की 'फे'वर, पुढे 'न्वार' आलं की फक्त त्यावर. आवाज चढवू नका, अवयव लांबवा. 'एते'मधल्या (उन्हाळा) ई-वरच्या तिरप्या रेघा जोर दाखवत नाहीत, स्वराचा प्रकार सांगतात.

गटात शब्दांच्या सीमाही पुसतात: 'इल आरीव' (तो येतो) म्हणजे ई-ला-रीव, 'ले आमी' (मित्र, अनेकवचनी) म्हणजे ले-झा-मी. म्हणून आधी गट पाडा, मग अवयव.

मूक 'ई'वर जोर सहसा येत नाही. आज्ञार्थानंतर येणाऱ्या 'लं' (ते) या सर्वनामावर मात्र येतो: दॉन-लं (ते दे).